धास्ती, देह आणि मोजपट्टी

‘बापाने धसका घेतला आणि तो अंथरुणाला खिळला’, ‘मुलगा गेल्याचे ऐकून म्हातारीने हाय खाल्ली’, अशी वाक्ये आपल्या घराघरांत इतकी रुळलेली आहेत की, त्यांत एक वैद्यकीय सिद्धान्त दडलेला आहे हे बोलणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. संकटात सापडलेल्या मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो, उरात धडकी भरते, काळजाचे पाणी होते, हातपाय गळतात. मनाच्या व्यथेला देहातले ठिकाण नेमून देण्याची ही रीत बहुतेक भाषांत थोडीबहुत असतेच. परंतु आमच्या भाषेच्या क्रियापदांत आणखी एक बारकावा आहे. संकट हे ‘येते’, ‘कोसळते’, ‘ओढवते’. त्यावर माणसाचे काही चालत नाही. धसका मात्र ‘घेतला’ जातो, हाय ‘खाल्ली’ जाते, काळजी ‘वाहिली’ जाते. म्हणजे घडलेली गोष्ट निराळी आणि ती माणसाने मनाला कशी लावून घेतली ही गोष्ट निराळी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांना हाच भेद शास्त्रीय परिभाषेत मांडावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. यावरून आपल्या पूर्वजांस सर्व काही ठाऊकच होते असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाही. वाक्प्रचार म्हणजे प्रयोग नव्हे. तथापि मनाला जाणवणारा ताण आणि शरीराचे दुखणे यांच्या नात्याचा इतिहास सांगू लागताना आरंभ घरातल्या भाषेपासून करणे गैर होणार नाही.

आपल्या वैद्यकाचे मत या बाबतीत स्पष्ट आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निरनिराळ्या गुणधर्मांत श्रेष्ठ कोण याची एक लांबलचक यादी आहे; तीत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये अग्रस्थान विषादाला दिलेले आहे. भयाने व शोकाने येणारे ज्वर निराळे सांगितले आहेत. इतकेच नव्हे, तर भयाने व शोकाने होणारा अतिसारही स्वतंत्र गणला आहे. परीक्षेच्या मंडपाबाहेर ताटकळणाऱ्या विद्यार्थ्यांची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना या शेवटच्या वर्गीकरणाची यथार्थता पटवून द्यावी लागणार नाही. परंतु त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात एक अध्याय असा आहे की, त्याचा उल्लेख या संदर्भात सहसा होत नाही. साथीच्या रोगाने मुलूखच्या मुलूख ओस पडतो त्यास तेथे जनपदोद्ध्वंस असे नाव आहे, आणि अग्निवेश गुरूला विचारतो की, माणसांच्या प्रकृती निराळ्या, आहार निराळे, बळ निराळे, वय निराळे, मनाचे सत्त्वही निराळे. असे असता सर्वांना एकाच वेळी एकच रोग कसा गाठतो? उत्तर असे मिळते की, वायू, उदक, देश आणि काल या सर्वांना समान असणाऱ्या गोष्टी बिघडल्या म्हणजे हे असे होते. म्हणजे विषादाला रोगवर्धकांत पहिला मान देणाऱ्या ग्रंथानेच, जेथे भित्रा आणि धीट दोघेही सारखेच मरतात तेथे कारण मनात न शोधता पाण्यात व हवेत शोधावे, अशी ताकीद देऊन ठेवली आहे. ही ताकीद पुढे वारंवार विसरली गेली.

ती कशी विसरली जाते याचे आपल्या प्रांतातील सर्वांत दारुण उदाहरण म्हणजे १८९६ सालची मुंबईची प्लेगची साथ. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मांडवीच्या वखारींच्या वस्तीत डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे रोगी ओळखले, आणि पाहता पाहता शहरावर भयाचे सावट पसरले. १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. त्यांपैकी पावणेचार लाखांवर लोक १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहर सोडून गेले असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. बोटीने कोकणात, आगगाडीने देशावर, आणि ज्यांना तिकिटाचे पैसे परवडत नव्हते ते पायी, असे हे लोंढे चालले होते. ठाणे जिल्ह्याची गावे वाटेतच होती. मुंबईच्या माणसांबरोबर रोगही त्या जिल्ह्यात आला. कल्याणच्या स्टेशनावर उतारूंची तपासणी सुरू झाली. गाडीतून उतरवून, रांगेत उभे करून, काखा व जांघा चाचपून पाहणारा डॉक्टर हा त्या काळच्या माणसाला प्लेगइतकाच, किंबहुना प्लेगहून अधिक, भयंकर वाटे.

या भयाची बाजू समजून घेतल्यावाचून त्या काळाचा इतिहास समजत नाही. ६ ऑक्टोबर १८९६ च्या हुकुमाने म्युनिसिपालिटीने रोगी बळाने हलविण्याचा व घरे धुऊन टाकण्याचा अधिकार हाती घेतला. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत चाळींतून पसरली. आणि ती निव्वळ कल्पित होती असेही नाही, कारण घरचे लोक रोगी शेवटपर्यंत लपवून ठेवीत, आणि अखेरच्या घटकेस तो आर्थर रोडच्या इस्पितळात पोहोचला म्हणजे तेथे त्याचे मरण ओढवे. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी-कामगारांच्या जमावाने त्या इस्पितळावर हल्ला केला. पुढच्या वर्षी ४ फेब्रुवारीस साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यात सोजिरांकडून घरझडत्या झाल्या, आणि २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबांवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे वाचकांस विदितच आहे.

आता प्रश्न असा की, या भयाने माणसांची प्रकृती बिघडली काय? साथीत भीती हेच निम्मे दुखणे, ही समजूत युरोपात मध्ययुगापासून होती व आपल्याकडेही ती अजून वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे. धीर धरणारा तरतो, घाबरणारा मरतो, असे म्हटले म्हणजे ऐकणाऱ्यास एक प्रकारचे समाधान वाटते. कारण मग मरण हे काही अंशी आपल्या हातचे ठरते. परंतु येर्सिन याने १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधून काढला होता. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीस उंदरावरच्या पिसवेचा संबंध दाखवून दिला, आणि १९०५ नंतर मुंबईस काम करणाऱ्या प्लेग-कमिशनच्या संशोधकांनी तो पक्का केला. पिसू चावताना माणूस भित्रा आहे की धीट आहे हे पाहत नाही. भयाने मुंबईत मरण वाढले असेल तर ते अन्य वाटेने: रोगी लपविल्याने, दाटीवाटीने पळाल्याने, आणि पळताना गाठोड्यांतून पिसवा बरोबर नेल्याने. भयाचा परिणाम देहावर होतो तो केवळ नाडीतून व रक्तातून नव्हे, माणसाच्या वागणुकीतूनही होतो, हा या कथेतला महत्त्वाचा भाग आहे.

प्लेगच्या या हकीकतीनंतर थोड्याच काळाने नाडी व रक्त यांचीही परीक्षा सुरू झाली. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेदना, भूक, भय आणि क्रोध यांच्या वेळी शरीरात काय घडते याचे वर्णन केले. कुत्रा अंगावर धावून आला म्हणजे मांजराच्या मूत्रपिंडावरील ग्रंथीतून रक्तात रस सुटतो, हृदय जोराने चालते, रक्तातील साखर वाढते व आतड्यांचे काम थांबते. लढावयाचे किंवा पळावयाचे, दोन्हींस उपयोगी अशी ही सिद्धता असते. त्यानंतर १९३६ च्या जुलैमध्ये माँट्रिऑल येथील हान्स सेल्ये या तरुण संशोधकाने ‘नेचर’ या विलायती साप्ताहिकात एक लहानसे पत्र छापले. उंदरांना थंडीत ठेवा, दमवा, विष टोचा, कशाही प्रकारे गांजा. त्यांच्या शरीरात त्याच तीन खुणा उमटतात. मूत्रपिंडावरील ग्रंथी फुगतात, गळ्याखालची ग्रंथी सुकते, आणि जठरात व्रण पडतात. त्या पत्रात पुढे जगभर गाजलेला तो इंग्रजी शब्द सेल्येने वापरलेला नव्हता. तो त्याने नंतर पदार्थविज्ञानातून उचलला. पण तेथे बाहेरून पडणाऱ्या जोराला एक शब्द आणि त्या जोराने वस्तूत होणाऱ्या ओढीला दुसरा शब्द आहे, आणि सेल्येने नेमका पहिला उचलला. आपले इंग्रजी अधिक चांगले असते तर आपण दुसरा शब्द घेतला असता, असे तो पुढे म्हणत असे. आम्ही मराठीत दोहोंसाठी ‘ताण’ म्हणून मोकळे झालो. विणकराच्या भाषेत मागावर उभ्या ओढून बांधलेल्या धाग्यांना ताणा म्हणतात. तेथे मात्र ओढ किती असावी याचे माप आहे: कमी झाली तर कापड सैल येते, अधिक झाली तर धागा तुटतो.

सेल्येच्या उंदरांच्या जठरातील व्रणांनी डॉक्टरांवर पन्नास वर्षे राज्य केले. पोटातला व्रण म्हणजे काळजीखोर माणसाचा, कारकुनाचा, व्यापाऱ्याचा रोग. त्यावर उपाय म्हणजे विश्रांती, दूध आणि मनाची शांती, असे जवळजवळ सर्वमान्य झाले होते. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी त्या व्रणांमागील जंतू वाढवून दाखविला. १९८४ त मार्शलने तो जंतू स्वतः पिऊन आपले पोट बिघडवून घेतले. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. काळजी करू नका म्हणून ज्यांची बोळवण झाली होती त्यांतील पुष्कळांना थोड्या दिवसांच्या औषधाने बरे वाटू लागले. प्लेगच्या पिसवेची गोष्ट येथे निराळ्या वेषात पुन्हा घडली.

तिसरा प्रकार याहून वाईट आहे, कारण तेथे चूक अजाणता झाली असे म्हणता येत नाही. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग व हृद्रोग होतो हे सिद्ध होऊ लागले तेव्हा तंबाखूच्या कंपन्यांना दुसऱ्या एखाद्या अपराध्याची निकड भासली, आणि ताण हा आयताच हाताशी होता. खटल्यांतून पुढे उघड झालेल्या त्यांच्या दप्तरांवरून असे दिसते की, १९६० व १९७० च्या दशकांत त्यांनी खुद्द सेल्येला पैसा पुरविला. आणि सिगारेट हे ताण हलका करण्याचे एक साधन होऊ शकते, या मताचा पुरस्कार या थोर शास्त्रज्ञाने जाहीरपणे केला. त्याच्या मूळ शोधाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. पण ‘दोष तुमच्या मनाच्या ताणाचा आहे’ हे वाक्य कोण उच्चारतो व त्याचा त्यात लाभ काय, हे विचारण्याची सवय वाचकांनी लावून घ्यावी.

असे असले, तरी एवढ्यावरून मनाचा देहाशी संबंधच नाही असे अनुमान काढणे हा दुसऱ्या टोकाचा उतावळेपणा होईल. प्रश्न मोजण्याचा होता. १९६७ साली होम्स आणि राही या दोन अमेरिकनांनी आयुष्यातील ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीस गुण दिले: जोडीदाराच्या मृत्यूस १००, विवाहास ५०, आणि अशाच खाली उतरत. विवाहाचे पन्नास हे वधूवरांचे झाले. आपल्याकडील वधूपित्यास किती गुण द्यावे याचा विचार त्या विद्वानांनी केलेला नाही. अशा यादीतला मोठा दोष असा की, तीच घटना एकाला मोडून टाकते तर दुसऱ्याला ओझरती शिवून जाते. रिचर्ड लाझारस याने १९६६ च्या आपल्या ग्रंथात हा मुद्दा मांडला: माणूस प्रसंगाचे मोल कसे करतो व तो निभावण्याचे आपल्यात बळ आहे असे त्याला वाटते की नाही, यावर सर्व अवलंबून आहे. म्हणजे आमचा ‘घेतलेला’ धसका. त्या विचाराला अनुसरून शेल्डन कोहेन व त्याचे दोन सहकारी यांनी १९८३ साली चौदा प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. पुढे तिचे दहा प्रश्नांचे रूप अधिक रूढ झाले. काय घडले हे ती विचारीतच नाही. गेल्या महिन्याभरात गोष्टी आपल्या आटोक्याबाहेर गेल्या असे किती वेळा वाटले, अडचणींचा डोंगर साचला असे किती वेळा वाटले, एवढेच ती विचारते.

या मोजपट्टीचा उपयोग करून त्याच कोहेनने इंग्लंडात सॉल्झबरी येथे एक प्रयोग केला. तो १९९१ त प्रसिद्ध झाला. ३९४ निरोगी माणसांच्या नाकात पडशाच्या विषाणूंचे थेंब सोडले आणि त्यांना वेगळे ठेवले. ज्यांचा मानसिक ताण सर्वांत कमी मोजला गेला होता त्यांच्यातील सुमारे २७ टक्के माणसांना पडसे झाले. सर्वांत अधिक होता त्यांच्यातील सुमारे ४७ टक्के माणसांना. येथे विषाणू सर्वांसच दिलेला होता, म्हणून या आकड्यांना वजन आहे. १९९५ साली ओहायोमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची लहानशी जखम मुद्दाम करण्यात आली. ती भरून येण्यास सरासरीने सुमारे ४९ दिवस लागले. त्याच वयाच्या, पण असा भार नसलेल्या स्त्रियांची तशीच जखम सुमारे ३९ दिवसांत भरली. नऊ-दहा दिवसांचे हे अंतर आम्हांस मोठ्या ग्रंथांतील युक्तिवादांहून अधिक बोलके वाटते. घरातील अंथरुणावरच्या म्हाताऱ्याचे करण्यात ज्या सुनांची व लेकींची वर्षे गेली, त्यांच्या देहाने ती वर्षे कोठे तरी टिपून ठेवलेली असतात.

घोटाळा होतो तो एका समाजाची मोजपट्टी दुसऱ्या समाजाला लावताना. १९६७ साली लंडनमधील सरकारी कचेऱ्यांतील सतरा हजारांवर पुरुषांची पाहणी सुरू झाली. सर्व पगारदार, सर्व छपराखाली काम करणारे; तरीसुद्धा सर्वांत खालच्या पायरीवरील शिपायांत हृद्रोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे साडेतीन पट निघाले. मोठ्या साहेबाला जबाबदारीचा ताण, म्हणून त्याचे हृदय आधी बंद पडते, ही समजूत त्या दिवशी मोडली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या एका पाहणीत, हृदयविकाराचा झटका आलेल्या अकरा हजारांवर रोग्यांना व तितक्याच, किंबहुना थोड्या अधिक, निरोगी माणसांना ताणाविषयी विचारण्यात आले. सतत ताण जाणवत होता असे म्हणणाऱ्यांत झटक्याचा संभव सुमारे दुप्पट आढळला. आणि हा संबंध निरनिराळ्या खंडांत, पुरुषांत व स्त्रियांत कमीअधिक सारखाच दिसला. आपला देशही त्या पाहणीत होता. आपल्या भूखंडातील माणसांना पहिला झटका इतरांहून पाच-सहा वर्षे आधी येतो, हेही त्याच सामग्रीतून २००७ साली पुढे आले.

पण झटका आल्यावर माणसाला विचारले, ‘तुम्हांला आधी ताण होता का?’ तर तो आठवून आठवून कारण शोधणारच. ही शंका किती खरी आहे हे स्कॉटलंडातील ५,६०६ कामकरी पुरुषांच्या कथेवरून कळते. त्यांचा मागोवा २१ वर्षे घेतला. ज्यांनी ताण अधिक सांगितला त्यांनी छातीत दुखते असेही अधिक सांगितले. परंतु तपासणीत दिसणारा हृद्रोग आणि मृत्यू पाहावे तर हा संबंध नाहीसा होई, किंबहुना किंचित उलटा पडे. कारण त्या समाजात ताणाची तक्रार करणारे बहुधा बऱ्या स्थितीतले होते, आणि खालच्या थरातील मजूर ताण नाही म्हणत व लवकर मरत. २०१५-१६ साली ब्रिटनमधील सात लाखांवर स्त्रियांच्या पाहणीतही, मुळात प्रकृती वाईट असल्यानेच मन खिन्न होते ही बाब हिशेबात धरल्यावर, ताण वा दुःख यांचा मृत्यूशी स्वतंत्र संबंध उरला नाही.

हे सर्व वाचून झाल्यावर आमचे लक्ष ठाण्याहून भिवंडीस जाणाऱ्या जुन्या रस्त्याकडे वळते. कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे लागतात. आगरी-कोळ्यांची ही भातखाचरांची गावे. सांप्रत तेथे भाताऐवजी गोदामे पिकतात. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या उंबरठ्यावर, म्हणून व्यापाऱ्यांनी येथे माल साठविण्यास आरंभ केला. १ जुलै २०१७ पासून जकात उठली तरी गोदामे उठली नाहीत, वाढलीच. राहनाळच्या पलीकडे भिवंडी शहर. तेथे १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग मांडले, आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात त्यांच्या जागी यंत्रमाग येऊ लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांनी संप पुकारला. तो रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. त्या काळात गिरण्यांचे पुष्कळसे काम भिवंडीच्या मागांवर आले. एकाच घटनेने गिरणगावच्या घरात चूल विझली आणि भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये रात्रपाळी सुरू झाली. कामगाराच्या मनस्तापाचा इतिहास लिहावयाचा तर या दोन्ही घरांचा एकत्र लिहावा लागेल. गिरणीतल्याला हक्काची नोकरी, रजा, प्रॉव्हिडंट फंड गमावल्याचे दुःख होते. मागावरच्याला गमावण्यासारखे यांतले काही नव्हतेच.

यंत्रमागाची पाळी बारा तासांची. एका माणसाकडे चार-सहा माग, मजुरी विणलेल्या मीटरवर. वीज गेली की माग थांबतो आणि मजुरीही थांबते. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेले हे कामगार भिशीत जेवतात, आणि एकाच खोलीत दिवसपाळीचे उठले की त्यांच्या जागी रात्रपाळीचे निजतात. धोट्याच्या खटखटाटात बोलणे ऐकू येत नाही म्हणून हातवाऱ्यांनी बोलतात. काही वर्षांनी शेडबाहेरही नीट ऐकू येत नाही. घरोघरच्या बायका कांड्या भरतात. हवेत कापसाची मुसमुस तरंगत असते. कापसाच्या धुळीने छाती आवळण्याचा जो विकार होतो त्याची एक चमत्कारिक खूण आहे: सुटीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी तो सर्वांत अधिक जाचतो. मनाचे दुखणे आणि छातीचे दुखणे यांत गल्लत करावयास याहून सोयीस्कर खूण सापडणार नाही. कामावर जाण्याचा कंटाळा म्हणून मालक हसण्यावारी नेऊ शकतो.

या माणसाला कोहेनची मोजपट्टी लावून पाहू. गेल्या महिन्यात महत्त्वाच्या गोष्टी आटोक्याबाहेर गेल्या असे किती वेळा वाटले? पण आटोक्यात त्या होत्या केव्हा? सुताचा भाव सुरतेस व मुंबईस ठरतो, विजेची वेळ कंपनी ठरवते, मागाची तार तुटली तर ती जोडण्यातला वेळ त्याच्या मजुरीतून जातो. ज्याला कधी ताबाच मिळाला नाही त्याला ताबा सुटल्याचे जाणवणार कसे? तो ‘कधी नाही’ असे उत्तर देईल, आणि कागदावर त्याची गणना निश्चिंत माणसांत होईल, स्कॉटलंडातील त्या मजुरांप्रमाणे. राहनाळच्या गोदामातील हमाल असेच उत्तर देईल. त्याच गोदामात बसून संगणकावर मालाच्या खेपा जुळविणारा पदवीधर तरुण मात्र ‘फार वेळा’ म्हणेल. दोघांचे उत्तर खरे आहे. पण त्या दोन उत्तरांची बेरीज-वजाबाकी करणे म्हणजे शेर आणि गज यांची बेरीज करणे होय.

शिवाय शब्दाचा प्रश्न आहेच. ‘ताण’ हा शब्द शिकलेल्यांचा. भिशीत चालतो तो ‘टेन्शन’. हा इंग्रजी शब्द सगळ्या उत्तर हिंदुस्थानात व आपल्याकडेही इतका मुरला आहे की, दिल्लीतील मधुमेही स्त्रियांच्या बोलण्यातील या एका शब्दाचा मानववंशशास्त्रज्ञांनी स्वतंत्र अभ्यास केला. तो राग, गिळलेला अपमान, मुलांची फिकीर, डोकेदुखी आणि वाढलेली साखर या सर्वांना एकाच मुठीत धरतो, आणि मोजपट्टीच्या खणांत बसत नाही. मराठीने त्याला आपल्या जुन्या क्रियापदांच्या रांगेतच बसविले आहे: टेन्शन येते, टेन्शन घेतले जाते, आणि कोणी तरी खांद्यावर हात ठेवून ते घेऊ नकोस म्हणून सांगतो. हे सांगणे मित्राने केले तर मायेचे असते. बारा तासांची पाळी लावणाऱ्याने केले तर त्याचा अर्थ बदलतो.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला धंद्यामुळे होणाऱ्या रोगांचे एक परिशिष्ट होते. कापसाच्या धुळीने होणारा छातीचा विकार आणि गोंगाटाने येणारे बहिरेपण ही दोन्ही कालांतराने त्यात दाखल झाली. भरपाई मागण्यासाठी अमुक काळ अमुक मालकाकडे काम केल्याचा पुरावा लागे. दर दिवाळीला आणि दर उन्हाळ्यात गावी जाऊन परतल्यावर नव्या शेडमध्ये उभे राहणाऱ्या, मीटरवर मजुरी घेणाऱ्या विणकराचे नाव कोणत्याच हजेरीपटावर वर्षभर टिकत नसे. त्याच्या छातीला काय झाले ते सरकारी दवाखान्यातील डॉक्टराने कान लावून ऐकले तर कळे. कोणत्या मागाने झाले ते कागदावर कोठेच नसे.